अर्ध्या डिग्रीचं खोटं

हिरामण, तुझं सगळं रीतसर झालं. दहावं झालं, तेरावं झालं, साक्रीकडची माणसं परत गेली. तू सुरतेला कसा आलास, किती इंजिनं उभी केलीस, भेस्तानच्या गॅरेजात किती पोरं शिकवलीस, हे सांगणारे तेराव्याला पुष्कळ होते. मी गप्प बसून होतो. लोकांना वाटलं, मास्तरला फार लागलंय. लागलं होतंच. पण तेव्हा मला फक्त तू गेल्याचं लागलं होतं. दुसरी गोष्ट नंतर कळली, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळण्यासारखी नाही. बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाशी काय भांडता? जेवून घ्या."

जेवलो. पण भांडण राहिलंच आहे.

जयेशभाईंच्या ट्रकचं म्हणतोय मी. कामरेजच्या शेतावरून त्यांनी तो परदेशी पिकअप आणून तुझ्या दारात उभा केला, तो दिवस तुलाही आठवत असणार. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, वर सुपरचार्जर. त्यांना शर्यत लावायची नव्हती. त्यांना घोड्यांची ट्रेलर ओढायची होती, शेतापासून रस्त्यापर्यंतचा चढ चढायचा होता. आणि एवढ्या ताकदीचं इंजिन चढावर गुदमरत होतं. जागेवर उभं असताना लंगडल्यासारखं चालायचं, सगळी गाडी हलायची, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास. जयेशभाई म्हणाले, "मारा घोडा गभराय छे, मास्तर. बीजुं मने कंई न समजाय." घोडे घाबरतात, बाकी मला काही कळत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आधीच्या मालकाने आत शर्यतीचा कॅमशाफ्ट टाकला होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे हे ठरवणारा दांडा. तो चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही इंजिन चुकीचं चालतं. आपण मोजलं. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, दोन्ही एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ बावीस डिग्री निघाला. साध्या इंजिनाला, वरच्या वेगात, हे चालतं. पण इथे सुपरचार्जर हवा दाबून आत ढकलतो. दोन्ही दारं उघडी असली तर ढकललेली हवा, आणि तिच्याबरोबर पेट्रोल, या दाराने आत येऊन त्या दाराने निघून जाते. मी म्हटलं, नवा कॅम मागवू. दांड्यावर व्हॉल्व्ह ढकलणारे जे उंचवटे असतात त्या दोघांमधला कोन मोठा असलेला, एकशे चौदाचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहणार नाहीत. धूर बाहेर जायला थोडा जास्त वेळ देणारा. आवाज साधा येईल, पण खालच्या वेगात ओढ येईल.

तू चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवलास आणि म्हणालास, "कॅम चांगला शे रे. बसाडनारानी वाकडा बसाडा."

यात तथ्य होतं, हे मी तेव्हाही नाकारलं नव्हतं. आधीच्या मिस्त्रीने तो कॅम सहा डिग्री मागे बसवला होता, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढे उशिरा उघडत होते. तुझं म्हणणं असं की तोच कॅम चार डिग्री पुढे बसवला तर खालची ओढ परत येईल, नवा आणायचं कारण नाही. मी सांगितलं की कॅम पुढे सरकवला की त्याच्याबरोबर दोन्ही व्हॉल्व्ह सरकतात. बावीसचे बावीसच राहतात. घराचा दरवाजा आणि खिडकी दोन्ही उघडी आहेत आणि तू घर उचलून चार फूट सरकवतोयस.

"तू आकडा देखस, मी आवाज ऐकस," तू म्हणालास.

"तुला तो लंगडा आवाज आवडतो म्हणून कॅम चांगला होत नाही."

"आवडस माले. मग? एकदा लावी तर देखू."

"उघडायचं, लावायचं, परत उघडायचं. कशासाठी?"

तू पुन्हा म्हणालास, एकदा लावून बघू. मी पुन्हा नाही म्हटलं. मग तू हसलास, पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "जाऊ दे. आकडे तुझे, हात माझे." हे तू नेहमीच म्हणायचास, आणि मला ते नेहमीच आवडायचं. मिलमधून सुटल्यावर, रविवारी घरचं आटपल्यावर, बमरोलीहून मी तुझ्याकडे यायचो ते या वाक्यासाठीच यायचो, असं म्हटलं तरी चालेल. तिथे कोणालातरी माझे आकडे लागत होते.

नवा कॅम आला. रविवारी बसवायचं ठरलं. आता जे लिहितो ते मी हजारदा मनात चालवून पाहिलं आहे.

आपला नियम मी घालून दिलेला होता. पांडेसऱ्याच्या आमच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, कापडाचं वजन घेणारा वेगळा असतो आणि लिहिणारा वेगळा. वजन घेणाऱ्याला किती भरायला हवं ते सांगत नाहीत. सांगितलं की काटा त्याला हवा तिथे दिसायला लागतो. माणूस लबाड असतो असं नाही, डोळाच आशेने बघतो. तेच मी तुझ्या गॅरेजात आणलं. कॅमबरोबर एक कार्ड येतं, त्यावर पिस्टन वरच्या टोकाला येण्याच्या किती डिग्री आधी किंवा नंतर व्हॉल्व्ह उघडायला हवा ते छापलेलं असतं. ते कार्ड लिहिणाऱ्याच्या खिशात. वाचणाऱ्याने ते बघायचं नाही. लिहिणाऱ्याने इंजिनाकडे पाठ करून बसायचं, म्हणजे इंजिनापुढे लावलेल्या डिग्र्यांच्या चकतीवरचा आकडा त्यालाही आधी दिसू नये. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा. मग कार्डाशी ताडायचं. तू सुरुवातीला खूप थट्टा केली होतीस. शेजारच्या बॅटरीवाल्याला सांगायचास, "आमच्या मास्तरला इंजिनाची लाज वाटते, पाठ करून बसतो." पण नियम पाळलास. एवढी वर्षं पाळलास.

त्या आठवडाभर माझी कंबर धरली होती, आणि तुला ते ठाऊक होतं. म्हणून कॅम आत घालताना मी हजर नव्हतो. मी आलो तेव्हा तू साखळी चढवून, चकती आणि व्हॉल्व्ह किती उघडला ते दाखवणारा डायल लावून तयार होतास. मी स्टुलावर पाठ करून बसलो. तू दांडीने इंजिन हळूहळू फिरवलंस.

"अडीच. वरच्या टोकानंतर," तू म्हणालास.

"अडीच," मी म्हटलं. कार्डावर दोन होतं. "अर्धी डिग्री फरक आहे."

"परत देखू का?"

"नको. साखळीचा ढिलेपणा असेल. अर्धी डिग्री चालेल."

बाकीचे आकडे जुळले. मी खूश होतो. तू चहा मागवलास. मी तुला म्हटलं, बघ, असं मोजून काम केलं की मनाला कसं बरं वाटतं. तू म्हणालास, "हो ना मास्तर."

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी तू चहाच्या टपरीवर बसल्या जागी गेलास.

तेरावं झाल्यावर जयेशभाईंचा फोन आला. घाई नव्हती त्यांना, चांगला माणूस आहे. पण ट्रक तिथे तसाच पडून होता आणि मंगला वहिनींना गॅरेजचं काय करायचं ते ठरवायचं होतं. सुपरचार्जर चढवायचा, पाणी-तेल घालायचं, इंजिन सुरू करून द्यायचं, एवढंच उरलं होतं. मी म्हटलं, मी करतो. वहिनींनी शटर उघडलं. गॅस्केट शोधायला मी बाकाखाली हात घातला आणि हाताला ती लांब पेटी लागली.

नवा कॅम आत होता. तेलकट कागदात गुंडाळलेला, कागदावरची चिकटपट्टी न फोडलेली.

मला आधी वाटलं, चुकून दोन आले असतील. माणूस स्वतःला काय काय सांगतो. मग वाटलं, दुसऱ्या कोणाचा असेल. पेटीवर लेबल होतं, तेच होतं. तरी पेटी बघून मी निष्कर्ष काढत नाही. मी वरचं झाकण काढलं, डायल लावला, पुढे चकती लावली. कार्डावरचा आकडा मला माहीत होता, म्हणजे नियमाप्रमाणे वाचणारा दुसरा हवा. गॅरेजात वहिनी होत्या.

"वहिनी, एवढा आकडा वाचाल?"

"वाचसू, भाऊ. चष्मा लई येस."

चष्मा घेऊन आल्या. काटा कुठे बघायचा, शून्याच्या अलीकडे असेल तर 'आधी' म्हणायचं, पलीकडे असेल तर 'नंतर', हे दाखवलं. मी दांडी फिरवत डायल बघत राहिलो, व्हॉल्व्ह ठरलेल्या मापाला उघडला तिथे थांबलो.

"चौदा," वहिनी म्हणाल्या. "आधी."

मी दांडी उलटी नेली, पुन्हा हळूहळू आणली.

"चौदा. आधी."

कार्डावर दोन होतं, नंतर. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मी चुकनू का भाऊ?"

"नाही वहिनी. तुम्ही बरोबर वाचलं."

जुनाच कॅम होता, हिरामण. बावीस डिग्रीवाला. तू म्हणत होतास तसा, चार डिग्री पुढे. सरळ बसवला तर हा दहाला उघडतो, आता चौदाला, म्हणजे नेमका चार. साडेतीन नाही, साडेचार नाही. इतकी वर्षं तू मला सांगत होतास की तुला आकड्यांतलं कळत नाही, मास्तर आल्याशिवाय मोजता येत नाही. मी दोनदा मोजलं. मी बसवला असता तर त्याहून नेमका बसला नसता.

तिथे उभा राहून मी ओळीने सगळं समजून घेतलं. तू माझ्या पाठीमागे उभा राहून चकतीवर चौदा बघत होतास आणि तोंडाने अडीच म्हणत होतास. मी बघू नये म्हणून मीच पाठ केली होती. आकडा खरा यावा म्हणून जो नियम केला, तो नसता तर तू मला फसवू शकला नसतास. आणि ती अर्धी डिग्री. कार्डावरचे सगळे आकडे तंतोतंत आले असते तर मला शंका आली असती, हे तुला माहीत होतं. म्हणून तू एक आकडा अर्धी डिग्री चुकवलास. वर विचारलंस, परत देखू का. आजवर मला कोणी इतकं नीट ओळखून खोटं बोललेलं नाही.

वहिनींना मी सांगणार नव्हतो. पण माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं, आणि मग त्यांना आठवलं. ती पेटी आली त्या आठवड्यात तू जेवताना काहीतरी पुटपुटत होतास. "मी म्हनं, पाढा पाठ करी राहिनात का? तं म्हनेत, मास्तरनी गंमत करनी शे."

गंमत. तर ती गंमत होती. कार्ड माझ्याकडे द्यायच्या आधी तू ते पाठ केलंस, भाकरी मोडत मोडत घोकलंस. मग इंजिन सुरू झालं असतं, चढ चढलं असतं, मी माझे आकडे बरोबर आले म्हणून खूश झालो असतो, आणि तू बाकाखालून पेटी काढून माझ्यासमोर ठेवली असतीस. बॅटरीवाल्यालाही बोलावलं असतंस, मला खात्री आहे. तुझं बरोबर होतं ते कळलं असतं. माझं तोंड कसं झालं ते तुला बघायचं होतं. गुरुवार आला नसता तर मी कदाचित हसलोही असतो.

पण गुरुवार आला, आणि माझ्याकडे गंमत अर्धीच पोचली. नुसतं फसवणं तेवढं पोचलं.

त्यानंतर मला वेगळंच सुचायला लागलं. आपण बांधलेली बाकीची इंजिनं. ती सुरतभर फिरतायत, माणसं बसतात त्यांत. त्यांचे आकडे तू वाचले होतेस आणि मी पाठ करून लिहिले होते. आता एक आकडा खोटा निघाला तर बाकीचे कशावरून खरे? भेस्तानच्या भाजीवाल्याचा टेम्पो आपण दिवाळीआधी केला होता. त्याला म्हटलं, जरा गाडी ठेव, तपासायचीय. तो घाबरला, "क्या हुआ, मास्तर, खोलना पडेगा?" म्हटलं, काही नाही, बघतो नुसतं. वहिनींनी वाचलं, मी फिरवलं. सगळे आकडे जुळले. तू तेव्हा जे वाचलं होतंस तेच.

मी दुसरं इंजिन तपासलं नाही. म्हणजे तू मला एकदाच फसवलंस, असं धरून चालतो. सरसकट लबाड माणसावर रागावणं सोपं असतं. मी रागावलोय खरा, पण राग ठेवायला नीट जागा सापडत नाही. भाजीवाल्याच्या टेम्पोपाशी उभा राहून मला तुझ्याबद्दल फार बरं वाटलं आणि त्याच क्षणी जास्त वाईट वाटलं.

आणि एक विचार मी नको म्हणत असताना येतो. तुला मोजता येत होतं. चार डिग्री म्हणजे चार डिग्री बसवता येत होतं. मग मला कशाला बोलवायचास? 'आकडे तुझे' कशाला म्हणायचास? मिलमध्ये माझी बदली झाली, मी वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हतो, त्याच काळात तू मला पहिल्यांदा म्हणाला होतास, मास्तर, रविवारी येत जा, माझं मोजायचं अडतं. अडत नव्हतं तुझं. हे उपकार होते की हेही खोटंच होतं, ते तू सांगायला हवं होतंस. मी कोणत्या रकान्यात लिहू ते?

जयेशभाईंना मात्र सांगणं भाग होतं. त्यांनी नव्या कॅमसाठी होकार दिला होता आणि गाडीत जुना होता. मी कामरेजला गेलो आणि सरळ सांगितलं, की हिरामणने तुमचा जुनाच कॅम परत बसवलाय, वेगळ्या तऱ्हेने; मला माहीत नव्हतं; आता दोन मार्ग आहेत. आत्ता उघडून नवा घालतो. किंवा आधी हा असाच चालवून बघतो आणि मग ठरवतो. दुसऱ्यात काम दुप्पट आहे, ते माझं.

ते घोड्याच्या मानेवर हात ठेवून ऐकत होते. म्हणाले, "तमे शुं कहो छो?"

माझा हिशेब स्पष्ट होता. बावीस डिग्री, सुपरचार्जर, खालचा वेग: हा कॅम या कामाला चुकीचा. चालवून बघायची गरज नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "आधी चालवून बघू."

सुपरचार्जर चढवला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. वहिनी शटरपाशी उभ्या होत्या, बॅटरीवाला आला, समोरच्या वेल्डरने काम थांबवलं. तो आवाज, हिरामण. आधीपेक्षा खाली, जड, लंगडा पण पाय टेकून चालल्यासारखा. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

कामरेजला ट्रेलर जोडली, आत एक घोडा. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवून, मुद्दाम कमी वेगात, पहिल्या गियरमध्ये सोडली. चढली. न गुदमरता चढली. पूर्वी ज्या वळणावर बंद पडायची तिथे मी परत थांबवली, परत सोडली, तिथूनही चढली. मी प्रत्येक वेळी सुपरचार्जरचा दाब बघत होतो. वरच्या वेगात भरपूर. खालच्या वेगात माझ्या हिशेबापेक्षा बराच कमी. हवा निघून जातच होती. वर पोचून उतरलो आणि मागे गेलो. धुराला पेट्रोलचा वास तोच. जागेवर उभ्या गाडीची थरथर ट्रेलरपर्यंत पोचत होती, घोडा आत पाय बदलत होता.

तर हा निकाल. तू म्हणालास ओढ परत येईल, आली. मी म्हणालो बावीसचे बावीसच राहतील, राहिले. चढ तुझा, वास माझा. जयेशभाईंनी विचारलं, "तो आ ज राखीए?" मी म्हटलं, नाही, घोड्यासाठी नवाच घालू. पुढच्या रविवारी उघडतो.

ते खाली गेले. मी इंजिन बंद करायला हात घातला आणि केलं नाही. चढाच्या टोकावर, उघड्या बॉनेटजवळ तसाच उभा राहिलो. इथे तू म्हणाला असतास, "चढना का नई?" मी म्हटलं असतं, आधी वास घे. तू म्हणाला असतास नाकाला काय कळतं, मी म्हटलं असतं कानाला काय कळतं, आणि अंधार पडेपर्यंत आपण तिथेच उभे राहून भांडलो असतो. कार्ड घोकून, माझ्या पाठीमागे उभं राहून, खोटं बोलून तुला मिळवायचं होतं ते एवढंच. ते नुसतं मागितलं असतंस तरी मिळालं असतं. मी हट्टी आहे, हे खरं. तू दोनदा म्हणालास, एकदा लावून बघू, आणि मी दोनदा नाही म्हटलं.

तिसऱ्यांदा म्हणायचं होतंस, हिरामण.